जुन्या कर्नलला कोणतं ठिगळ लावायचं?

माझ्या पुतण्याने मागे एकदा फोन दुरुस्तीला जळगावला नेला. दुकानदाराने सेटिंग उघडलं, 'कर्नल आवृत्ती' या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "५.१०! हा २०२० चा माल आहे भाऊ. आतलं सगळं शिळं. नवीनच घ्या." पोरगा घरी आला तो नव्या फोनचा हट्ट घेऊनच. मी फोन हातात घेतला. तिथे नुसतं ५.१० नव्हतं, ५.१०.२०९ होतं. दुकानदाराच्या बोटाखाली नेमका शेवटचा आकडा झाकला गेला असावा.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. स्क्रीनवर दिसणारी ॲप्स थेट मेमरीला, डिस्कला किंवा वायफायच्या चिपला हात लावत नाहीत, ती कर्नलकडे मागणी करतात. अँड्रॉइड फोनमध्ये हा कर्नल लिनक्सचा असतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढतो. पण एवढ्या वेगाने फोन किंवा पतसंस्थेचा सर्व्हर कोण बदलणार? नव्या आवृत्तीत नवी सोय येते तशी नवी भानगडही येते. म्हणून काही जुन्या मालिका वर्षानुवर्षं सांभाळल्या जातात. त्यांत नवं काही घालायचं नाही, फक्त नव्या कर्नलमध्ये सापडलेल्या चुकांची दुरुस्ती मागे आणून जुन्याला लावायची. याला म्हणतात बॅकपोर्ट, आणि अशा एकेका दुरुस्तीला पॅच, म्हणजे ठिगळ. ५.१० ही मालिका १३ डिसेंबर २०२० ला निघाली हे खरं, पण २०९ चा अर्थ असा की त्यानंतर तिच्या २०९ दुरुस्त आवृत्त्या निघाल्या.

हा तिसरा आकडा किती कामाचा आहे त्याचा एक नमुना. २०२२ मध्ये 'डर्टी पाइप' नावाची चूक उजेडात आली. मॅक्स केलरमन यांना काही लॉग फाइल्स, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवह्या, विनाकारण खराब झालेल्या दिसल्या, आणि त्याचा माग काढता काढता ते कर्नलपर्यंत पोचले. जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे तिच्यात साधा वापरकर्ताही लिहू शकत होता. चूक कामाला लागली ५.८ पासून. दुरुस्ती आली ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये. म्हणजे पुतण्याच्या ५.१०.२०९ मध्ये ती आहे. दुकानात नव्याने आलेल्या, पण ५.१०.६० वर अडकलेल्या एखाद्या डबाबंद फोनमध्ये ती नसू शकते. शिळं कोणतं आणि ताजं कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

आता मुद्द्याची गोष्ट. नव्या कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीत हजारो बदल असतात. त्यांतले मागे कोणते न्यायचे हे कोण ठरवतं, आणि कसं?

२००५ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी ही 'स्टेबल' व्यवस्था सुरू केली. नियम थोडके आहेत. दुरुस्ती आधी टोरवाल्ड्स यांच्या मुख्य कर्नलमध्ये गेलेली हवी. परस्पर जुन्याला लावायची नाही, नाहीतर पुढच्या आवृत्तीत तीच चूक पुन्हा उगवेल. भोवतालच्या ओळी धरून १०० ओळींच्या वर जायचं नाही. एका ठिगळाने एकच भोक बुजवायचं. आणि चूक खरी, लोकांना त्रास देणारी हवी, 'असं होऊ शकेल बहुतेक' छापाची नको. निवडलेली ठिगळं यादी करून सगळ्यांपुढे ठेवतात, आणि हरकत घ्यायला साधारण ४८ तास देतात.

दुरुस्ती लिहिणारा तिच्यासोबत एक ओळ टाकतो: ही चूक अमुक बदलाने आली. त्या जुन्या बदलाची १२ अक्षरी खूण तिथे असते. ती खूण फार उपयोगी. ज्या मालिकेत मूळ चूकच शिरलेली नाही तिला ठिगळ कशाला? पण ती फक्त चूक कुठून सुरू झाली तेवढं सांगते. दुरुस्ती स्वतः कशाच्या टेकूवर उभी आहे, ते तिच्यात नसतं. ते वेगळं लिहायची सोय आहे, पण लिहिणाऱ्याला तो टेकू जाणवला तर ना.

मला या विषयाचं वेड लागलं ते डिसेंबर २०२३ मध्ये. यावल तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी बघतो. त्यावर डेबियन ही लिनक्स कर्नलवर उभी असलेली ऑपरेटिंग सिस्टीम आहे, आणि डेबियन १२ मध्ये ६.१ मालिकेचा कर्नल. डेबियन १२.३ निघणार होतं ९ डिसेंबरला, शनिवारी. व्यवहार बंद झाले की संध्याकाळी अपडेट करायचं असा माझा बेत होता. तिथले कॅशियर नाना बजावत होते, "शनिवारी लोखंडाला हात लावू नका भो." सर्व्हरच्या कपाटाला दर शनिवारी तेच नवी लिंबू-मिरची बांधतात. मी हसलो, पण अपडेट राहिलंच, कारण बामणोदच्या एका मळ्यात भरिताची पार्टी होती. पऱ्हाटीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली जात असताना, हातात कळण्याची भाकर असताना, सर्व्हर कुणाला आठवतो? रविवारी सकाळी बघतो तर सूचना: १२.३ घालू नका, त्यातल्या कर्नलमुळे फाइलींतला मजकूर बिघडू शकतो.

नानांनी अर्थातच श्रेय लिंबाला दिलं. कुणी मला वांग्याला द्यायला सांगेल. दोघांनाही द्यायचं नाही. डेबियनच्या लोकांनी वेळेत इशारा दिला, आणि मी तेव्हा जेवत होतो, एवढंच. तसं बघितलं तर लिंबू मागच्या वर्षीही होतं, आणि त्या वर्षी डिस्क उडाली होती.

बिघाड काय होता, ते जरा सावकाश बघू. माझा जीव इथेच अडकला आहे. डिस्कवर फाइली मांडण्याची लिनक्सची एक पद्धत आहे, एक्स्ट-४. तिच्यात एक जुनं दुखणं होतं. एखादा प्रोग्रॅम सांगतो, 'हे थेट डिस्कवर लिही आणि पक्कं झाल्याशिवाय परत येऊ नको.' एक्स्ट-४ मजकूर लिहायचा, पक्का करायचा, आणि फाइलची वाढलेली लांबी त्यानंतर नोंदवायचा. नेमकी या दोन्हींच्या मधल्या क्षणी वीज गेली तर? मजकूर डिस्कवर असतो, पण फाइल म्हणते माझी लांबी जुनीच. शेपूट गेलं. आमच्याकडे वीज किती सांगून जाते ते ठाऊक असल्यामुळे मला ही दुरुस्ती फार आवडली: आधी लांबी नोंदवा, मग पक्कं करा.

एक्स्ट-४ हे थेट लेखन एकटा करत नाही. आयओमॅप नावाचा दुसरा भाग त्याच्याकडून काम करून घेतो. पतसंस्थेतले दोन कारकून समजा. आयओमॅपच्या हातात खूणपट्टी आहे, वहीत पुढचं कुठे लिहायचं ते दाखवणारी. प्रत्येक लेखनानंतर तो एक्स्ट-४ ला विचारतो, "झालं?" जुना ठराव असा: सगळं नीट असेल तर उत्तर शून्य, चूक असेल तर उणे आकडा. उत्तर शून्य आलं तरच आयओमॅप खूणपट्टी पुढे सरकवायचा.

नव्या दुरुस्तीत एक्स्ट-४ ने उत्तर बदललं. आता तो शून्य न म्हणता 'किती बाइट लिहिले' ते सांगू लागला, समजा ४०९६. मुख्य कर्नलमध्ये यात काही बिघडलं नाही. तिथे काही महिने आधीच, ६.५ मध्ये, आयओमॅपची सवय बदललेली होती: उत्तर शून्यापेक्षा मोठं असलं तरी खूणपट्टी सरकव. तो बदल वेगळ्याच कामाच्या तयारीसाठी झाला होता, कुठलीही चूक सुधारायला नव्हे. म्हणून तो मागे न्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग दुरुस्ती ६.१.६४ मध्ये गेली. एक्स्ट-४ नवा, आयओमॅप जुना. विचारलं "झालं?", उत्तर आलं "४०९६". जुना आयओमॅप बघतो: शून्य नाही, तर खूणपट्टी हलवायची नाही. पण आकडा उणेही नाही, म्हणून प्रोग्रॅमला तो आनंदाने कळवतो, "४०९६ बाइट लिहिले." प्रोग्रॅम पुढचा तुकडा देतो आणि तो जातो पहिल्याच तुकड्यावर. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत, एका ओळीवर दुसरी ओळ. प्रत्येक वेळी लिहायची जागा स्वतः सांगणारे प्रोग्रॅम यातून सुटले, कारण त्यांना खूणपट्टीची गरजच नसते.

हे आधी कसं कळलं नाही? ठिगळ लावताना यंत्र एवढंच बघतं, की बदललेल्या ओळींच्या वरच्या-खालच्या दोन-तीन ओळी जुन्या फाइलीत तशाच आहेत का. होत्या. आयओमॅप वेगळ्या फाइलीत राहतो, तिकडे कुणी बघितलं नाही. कंपाइलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम, अर्थ बघत नाही, प्रकार बघतो. आधीही पूर्णांक परत येत होता, आताही पूर्णांकच. शून्याचा अर्थ काय, हे त्या दोन कारकुनांमधलं तोंडी बोलणं होतं. (इथवर वाचताना डोकं गरगरलं असेल तर वरचे दोन परिच्छेद सोडून द्या, पण मला ते लिहिल्याशिवाय राहवलं नसतं.)

म्हणूनच 'ही दुरुस्ती बरोबर आहे का' हा प्रश्न अर्धवट आहे. कुठे बरोबर, ते विचारावं लागतं. आणि शेकडो ठिगळांची यादी दोन दिवसांत वाचणाऱ्या माणसाला प्रत्येकाचा शेजार कसा दिसणार? साशा लेव्हिन हे क्रोआ-हार्टमन यांच्या जोडीने स्टेबल मालिका सांभाळतात. ज्या दुरुस्त्यांवर 'मागे न्या' अशी खूण टाकायची राहून गेली आहे त्या शोधायला ते काही वर्षांपासून मशिन लर्निंग वापरतात. हल्ली एआय म्हटलं की लोकांना वाटतं, आता माणूस मोकळा. इथे तसं नाही. यंत्र बदलाचं वर्णन आणि रूप बघून 'ही दुरुस्ती वाटते' एवढं सुचवतं. एक्सएफएस ही फाइल-पद्धत आणि मेमरी व्यवस्थापन सांभाळणाऱ्यांनी तर सांगून ठेवलंय, आमच्या अंगणात आपोआप वेचणी नको, आम्ही निवडू तेच न्या. मला त्यांचं पटतं, पण निम्मंच. प्रत्येक भागाला एवढी माणसं कुठून आणायची? न उचललेली दुरुस्तीही फुकटात पडत नाही. मुख्य कर्नल सगळ्यांना वाचायला खुला आहे, चोरालाही. दुरुस्ती तिथे झळकली की भोक कुठे आहे त्याचा पत्ताच जाहीर होतो, आणि जुना कर्नल तसाच उघडा राहतो.

६.१.६६ मध्ये एक्स्ट-४ ची दुरुस्ती काढून टाकली नाही. राहून गेलेला आयओमॅपचा बदलच आणून शेजारी बसवला. डेबियनने १२.३ बाजूला ठेवून १० डिसेंबरला थेट १२.४ काढलं. सोमवारी सकाळी पतसंस्था उघडायच्या आत मी ते घातलं आणि आवृत्ती विचारली. स्क्रीनवर आलं ६.१.०-१५. हा डेबियनचा स्वतःचा क्रमांक, खरा कर्नल आत ६.१.६६. जळगावचा दुकानदार असता तर म्हणाला असता, शून्य!

आणि त्याच ६.१.६६ मध्ये वायफायचं एक ठिगळ असंच टेकूशिवाय मागे आलं होतं. काही लॅपटॉप अडकले, आणि ते काढून टाकायला लगोलग ६.१.६७ काढावा लागला. आमच्या सर्व्हरला वायफाय नाही. नाना म्हणतात, लिंबू आहे ना.