बर्फात वाट काढणारे गरम पाणी

अंटार्क्टिकाच्या बर्फात अडीच किलोमीटर खोल छिद्र पाडले असे वाचले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गरगर फिरणारे पोलादी पाते येते. बर्फाचा गाभा, म्हणजे लांब दंडगोल नमुना, अखंड बाहेर काढायचा असेल तर सहसा पाते लागते. पण नुसती खाली जायची वाट हवी असेल, तर लांबलचक होज, टोकाला जड नोझल आणि जवळजवळ ९० अंशांचे पाणी पुरते. दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या, न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपणाऱ्या वेधशाळेसाठी २०१० पर्यंत अशी ८६ छिद्रे पाडली गेली. प्रत्येक सुमारे ६० सेंटिमीटर रुंद, आणि वेळ साधारण दोन दिवस!

वितळवणे हा यातला सोपा भाग. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाला ३३४ किलोजूल अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढता नुसते वितळण्यापुरती उष्णता लागते. तेवढे इंधन जाळायचे. खरी झुंज गोठण्याशी असते. भिंतींचा थंड बर्फ पाण्यातली उष्णता ओढून घेतो आणि छिद्र अरुंद होत जाते. म्हणून ते गरजेपेक्षा रुंद पाडतात आणि उपकरणे भराभर सोडतात. पाणी उपसून ते कोरडे ठेवता येत नाही, कारण खोलवर दाबाने भिंतीच आत सरकतात. पाण्याचा स्तंभ त्या दाबाला तोलून धरतो.

हा तोल मला या तंत्राचा प्राण वाटतो. बर्फ पाण्यापेक्षा हलका. त्यामुळे हजार मीटर बर्फाखालच्या सरोवराला भोक पडले, तर त्याचे पाणी पृष्ठभागाच्या ८०-१०० मीटर खालपर्यंत चढून थांबते. छिद्रातली पातळी आधीच त्याहून खाली ठेवली, तर सरोवराचे पाणी वर येते, आपले खाली जात नाही. सरोवर दूषित होत नाही. पातळी राखणारा पंप शेजारच्या उथळ छिद्रात असतो आणि दोन्ही छिद्रे खाली एका पोकळीने जोडावी लागतात. डिसेंबर २०१२ मध्ये अंटार्क्टिकातल्या बर्फाखालच्या एल्सवर्थ सरोवरावर ब्रिटिश चमूला सुमारे ३०० मीटर खोलीवर ही जोडणीच साधली नाही, आणि मोहीम थांबवावी लागली.

बर्फाखाली पिरॅमिड दडवल्याच्या चित्रफिती लाखो लोक पाहतात. त्याला कसलाही पुरावा नाही. पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी संशोधक गाळलेले, अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेले गरम पाणी वापरून ८०० मीटर बर्फाखालच्या व्हिलन्स सरोवरात पोचले. तिथल्या पाण्यात जिवंत सूक्ष्मजीव सापडले. त्यांतले काही सूर्यप्रकाशाशिवाय, अमोनियम आणि मिथेन यांपासून ऊर्जा मिळवतात.