नकाशातल्या कड्यावर गवत उगवतं तेव्हा

साताऱ्याहून कासकडे निघालं की यवतेश्वरच्या चढावर डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. लाव्ह्याच्या एका थराचा उभा कातळ, त्यावर गवताची तिरपी पट्टी, पुन्हा कातळ. फेब्रुवारीत या पट्ट्या पिवळ्या पडतात. खाली कुणी बांध पेटवला की आग वर सरकते, कातळापाशी अडते, आडवी पसरते आणि एखादी घळ सापडली की तिच्यातून वरच्या पट्टीला लागते. संगणकाला हाच वणवा नकाशावर काढायला सांगितला तर तो कातळावरून सरळ माथ्याला धावतो. सूत्र बरोबर असतं, पण नकाशात कातळच नसतो.

वणव्याच्या वेगाचं जे सूत्र आज जगभर वापरतात ते अमेरिकी संशोधक रिचर्ड रॉथरमेल यांनी १९७२ साली मांडलं. फारसाइट आणि फ्लॅममॅप या वणव्याचा नकाशा काढणाऱ्या संगणक प्रणाली त्यावरच चालतात. त्यांना एकावर एक रचलेले आठ थर लागतात: उंची, उतार, उताराची दिशा, इंधनाचा (म्हणजे जळणाऱ्या गवत, झुडूप, पाचोळ्याचा) प्रकार आणि झाडांचे चार, म्हणजे छत्राची (फांद्या-पानांच्या छपराची) दाटी, झाडांची उंची, छत्राच्या तळाची जमिनीपासूनची उंची आणि छत्रातल्या बारीक इंधनाची घनता. अमेरिकेत हा संच ‘लँडफायर’ या सरकारी प्रकल्पातून तयार मिळतो. सह्याद्रीत तो आपणच बांधायचा, आणि चुका इथंच शिरतात. प्रणाली सहसा तक्रार करत नाही. काहीही दिलं तरी रंगीत, देखणा नकाशा काढून देते.

आधी कड्याचंच बघू. एक पिक्सेल, म्हणजे नकाशाचा सर्वात लहान चौकोन, ३० मीटर बाजूचा, म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळपास नऊ गुंठे. वीस मीटर उंचीचा उभा कातळ वरून पाहिला तर नुसती रेघ असते. उपग्रहाला त्या नऊ गुंठ्यांत वरचं आणि खालचं गवतच दिसतं, म्हणून इंधनाच्या थरात ‘गवत’ पडतं. उंचीच्या थरात मात्र तिथंच मोठा चढ येतो. रॉथरमेलच्या सूत्रात उताराचा परिणाम उताराच्या कोनाच्या टॅनच्या वर्गाप्रमाणे वाढतो. १५ अंशांवरून ३० अंशांवर गेलं की तो साडेचार पटींहून जास्त होतो. म्हणजे जिथं जळायला काही नाही, नेमकी तिथंच आग सगळ्यात जोरात पळताना दिसते.

यावर सोपा उपाय नाही, हातानंच काम करावं लागतं. जास्त बारकाईच्या उपग्रहचित्रावर कड्यांच्या रेघा काढायच्या आणि त्या पिक्सेलना ९९ हा ‘उघडी जमीन’ असा न जळणारा कोड द्यायचा. घळी मात्र उघड्या सोडायच्या. त्या बुजवल्या तर वणवा खालच्या पट्टीतच विझतो, आणि ही चूक उलट बाजूची असली तरी तितकीच वाईट. कोणत्या घळीत गवत-झुडूप सलग आहे हे पायथ्याच्या रस्त्यावरून दुर्बिणीनं दिसतं, त्यासाठी डोंगर चढायची गरज नाही. आणखी एक फट राहते. तिरकी रेघ पिक्सेलमध्ये उतरवली की जिना होतो, पायऱ्या फक्त कोपऱ्याला टेकतात आणि आग त्या कोपऱ्यातून निसटते. म्हणून रेघ आणखी एक पिक्सेल जाड करायची.

जाळरेषेचं, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्टीचं, दुखणं याच जातीचं आहे. काही मीटर रुंदीची जाळरेषा ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये हरवते. उलट घाटातला अरुंद डांबरी रस्ता न जळणारा म्हणून भरला तर तो ३० मीटर रुंद होऊन बसतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या रेषा म्हणून अडथळ्याच्या थरात द्याव्यात, इंधनात मिसळू नयेत.

इंधनाच्या प्रकारांची सध्याची यादी स्कॉट आणि बर्गन यांची, २००५ची. त्यात ४० जळणारे प्रकार आहेत आणि प्रत्येकाला आकडा आहे: गवत १०१ पासून, झुडूप १४१ पासून, झाडाखालचा पालापाचोळा १८१ पासून. हे आकडे म्हणजे नावं आहेत, मापं नव्हेत. नकाशाचा पिक्सेल बदलताना प्रणालीनं शेजारच्यांची सरासरी काढली तर गवताचा १०२ आणि पाचोळ्याचा १८२ मिळून १४२ होतो, आणि तो झुडपाचा कोड आहे! जंगलाच्या कडेनं एका पिक्सेलची झुडपांची झालर दिसली की ही चूक झाली असं समजावं. इथं ‘सर्वात जवळचा शेजारी’ हीच पद्धत घ्यायची, म्हणजे जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा उचलायचा. उताराच्या दिशेचंही तसंच. ३५० आणि १० अंश दोन्ही उत्तरेकडचे, त्यांची सरासरी १८० म्हणजे थेट दक्षिण. दिशा कधी सरासरीनं बदलू नये, उंचीवरून नव्यानं काढावी.

ही यादी अमेरिकी वनस्पतींवरून केलेली आहे, त्यामुळे आपलं कुसळी गवत कोणत्या प्रकारात बसतं हे वजनानं ठरवायचं. एक मीटर लांब-रुंद चौकट टाकायची, आतलं गवत जमिनीलगत कापायचं, ओव्हनमध्ये वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवायचं आणि तोलायचं. ९० ग्रॅमच्या आसपास भरलं तर १०१, अडीचशेच्या आसपास १०२, पावणेपाचशेच्या पुढे १०४. कापण्याआधी गवताची उंचीही मोजायची, कारण तेवढंच गवत उभं असताना आणि आडवं पडल्यावर वेगळं जळतं. कासच्या सड्यावर हा फरक कळतो. जांभ्यावर मातीचा पातळ थर, ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलं, आणि मार्चमध्ये कातळावर तुटक काड्या. चित्रात तो ‘गवताळ माळ’ दिसतो, पण आगीला सलग वाट देत नाही. काही भाग १०१, काही सरळ ९९.

कारवीसाठी चित्राचं वर्ष बघावं लागतं. ती साधारण सात वर्षांनी एकदम फुलते आणि मरते. मग कुडाच्या भिंतींना वापरतात तशा वाळक्या काठ्या उतारभर उभ्या राहतात. फुलण्याआधीच्या चित्रावर केलेला थर फुलल्यानंतरच्या उन्हाळ्यात खोटा ठरतो. गवतासाठी वर्षापेक्षा महिना महत्त्वाचा. या यादीत हिरव्या गवतातलं पाणी सुक्या वजनाच्या १२० टक्के असेतो ते हिरवं धरतात आणि ३० टक्क्यांवर पूर्ण वाळलेलं. हा आकडा नकाशाबाहेर, वेगळा भरावा लागतो. तो डिसेंबरचा आणि वणवा मार्चचा, असं होऊ देऊ नये.

आणि ऊस. शेतीचा कोड ९३, अर्थ ‘न जळणारी’. कृष्णाकाठच्या हिरव्या उसाला तो चालतो. तोडणी झालेल्या रानात पाचट पसरलेलं असेल तर अजिबात नाही, आणि डोंगराला लागून असलेली शेतं नेमकी आगीची सुरुवात असू शकतात. पायथ्याच्या पट्टीत तरी ९३ तपासूनच ठेवावा.

थर तयार झाले की ते एकमेकांसमोर उभे करायचे. ही तपासणी फुकटची आहे आणि सगळ्यात जास्त चुका हीच पकडते. ‘पाणी’ असलेल्या पिक्सेलचा उतार २० अंश कसा? ती बहुधा सावली असते: हिवाळ्यात सकाळच्या चित्रात सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून वायव्येकडचे उतार काळे पडतात. छत्राची दाटी शून्य आणि झाडांची उंची १२ मीटर? छत्राचा तळ झाडाच्या शेंड्याहून वर? सगळीकडे ८९ अंशांचा उतार दिसला तर आडवं अंतर रेखांशाच्या अंशांत आणि उंची मीटरमध्ये गेली आहे. साताऱ्या-सांगलीचा नकाशा आधी यूटीएमच्या, म्हणजे अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या, ४३व्या पट्ट्यात आणावा. उतार टक्क्यांत असून अंश म्हणून वाचला तर ३० टक्के, म्हणजे खरे सुमारे १७ अंश, थेट ३० अंश होतात. लँडफायरच्या थरांत छत्राच्या तळाची उंची मीटरच्या दहापट आणि घनता शंभरपट लिहिलेली असते. आपल्या मोजणीतला दीड मीटर १५ म्हणून भरला नाही तर तो १५ सेंटिमीटर होतो, आणि कोयनेच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून आग पळू लागते. आपल्याकडचे वणवे बहुतेक जमिनीवरचे. शेंड्यांची आग दिसली की आधी हे एकक बघावं.

शेवटी एक चाचणी: वारा शून्य, ओल सगळीकडे सारखी, आणि फक्त वेगाचा नकाशा. त्यात सरळ रेघ दिसली तर तो दोन चित्रांचा सांधा असतो, डोंगरात सरळ रेघा नसतात. त्यानंतर जुन्या वणव्याच्या काळ्या डागाशी तुलना करायची. डाग सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात नीट दिसतो, पण पहिल्या पावसानंतर गवत त्याला झाकतं. आग कुठून लागली यासाठी व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या आग टिपणाऱ्या उपकरणाच्या ठिपक्यावर विसंबू नये. त्याचा एक पिक्सेल ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास ३५ एकर. आणि डाग संगणकानं काढलेल्या वणव्यापेक्षा लहान निघाला म्हणून लगेच इंधनाचे कोड खाली आणू नयेत. त्या कडेला रात्रभर ओल्या फांद्यांनी आग झोडपणारी माणसं होती का, हे आधी त्या बीटच्या वनरक्षकाला विचारावं.