स्वमग्न प्रौढांसाठी रोजगार : मराठवाडा

अठरा वर्षांपुढील स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या व्यक्तीसाठी पगाराचे काम शोधणे, ते तिला जमेल असे बेतणे आणि टिकवणे, या तिन्हींचा या नोंदीत विचार केला आहे. यांपैकी शोधणे हा सर्वांत लहान भाग आहे. मराठवाड्यात अशी जागा तयार मिळत नाही. दाळमिलची पॅकिंग शेड, किराणा दुकान, रोपवाटिका किंवा औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना अशा ठिकाणी इतरांच्या कामांतून तुकडे काढून ती बनवावी लागते.

काम अर्थपूर्ण आहे का, हे तपासण्याचा साधा प्रश्न असा : ही व्यक्ती एक दिवस आली नाही तर कुणाचे काही अडते का? दिवाळीपुरत्या पणत्या आणि वर्षभर कागदी पिशव्या, तेही नातेवाईक व पाहुणे विकत घेतात म्हणून, हा उद्योग दिव्यांगांच्या बहुतेक कार्यशाळांत दिसतो. त्याने वेळ जातो, पण त्याला रोजगार म्हणणे कठीण आहे.

पूर्वपीठिका

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांच्या निरीक्षणांवरून स्वमग्नतेचे वर्णन केले, त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावात त्यांनी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. बँकेत त्यांच्या कुटुंबाची भागीदारी होती आणि गाव त्यांना लहानपणापासून ओळखत होते. २०२३ मध्ये वयाच्या ८९व्या वर्षी ते वारले. अलीकडे याच प्रश्नाला कंपन्यांच्या बाजूने हात घातला गेला. डेन्मार्कमध्ये २००४ साली सुरू झालेल्या ‘स्पेशालिस्टर्ने’ने सॉफ्टवेअर तपासणीसाठी स्वमग्न कर्मचारी घेतले आणि एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये असाच उपक्रम हाती घेतला. या दुसऱ्या वाटेचा गाजावाजा जास्त झाला. उत्तम बोलणाऱ्या, पदवीधर व्यक्तीला ती लागू पडते. ज्या प्रौढाचे बोलणे दोन-तीन शब्दांपुरते आहे आणि शाळा मध्येच सुटली आहे, त्याच्यासाठी लातूर-परभणीकडे पहिली, ओळखीच्या गावातल्या ओळखीच्या जागेची वाटच जवळची ठरते.

कायदा आणि दाखला

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ (अंमल १९ एप्रिल २०१७ पासून) याने मान्यताप्राप्त दिव्यांगतांची संख्या २१ केली. त्यांत स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगता या सर्वांना मिळून आहे. जागा थोड्या आणि वाटेकरी पाच, त्यातही लेखी परीक्षेची अट. त्यामुळे या आरक्षणावर भिस्त ठेवून बसू नये. उपयोगी कलमे वेगळीच आहेत. गरजेनुसार सोय करून देणे हे या कायद्यात बंधन आहे, उपकार नाही. आणि २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावे लागते. कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाशी पहिले बोलणे याच धोरणावरून सुरू करता येते.

दाखल्यासाठी स्वमग्नतेचे मापन भारतात ‘इसा’ (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) या मोजपट्टीने होते. तीत ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण असतात. एकूण ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि १५३ च्या वर तीव्र. ही मोजपट्टी बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केली. नांदेडहून सिकंदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे आणि गाडीही थेट आहे, तरी या भागातली कुटुंबे सवयीने पुण्या-मुंबईचाच रस्ता धरतात.

आज तिशी-चाळिशीत असलेल्या कित्येकांचे निदान लहानपणी ‘मतिमंद’ एवढ्यावरच थांबले. त्यांच्या दाखल्यावर बौद्धिक दिव्यांगता लिहिलेली असते. सरकारी आरक्षणाचा गट एकच असल्याने तिथे फारसे बिघडत नाही, पण कामाच्या जागी बिघडते. सावकाश शिकवले की झाले, असे मालक समजतो आणि आवाज, गर्दी, अचानक बदल यांनी होणारा त्रास कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून दाखला बदललेला नसला तरी मालकाला स्वमग्नतेची माहिती एका पानावर लिहून द्यावी.

कामाची निवड

मुलाखत घेऊ नये. नजर देऊन बोलणे, स्वतःबद्दल सांगणे यांत स्वमग्न व्यक्ती हमखास कमी पडते आणि दाळ निवडण्याशी या गोष्टींचा संबंध नसतो. त्याऐवजी तीन ते पाच दिवस प्रत्यक्ष कामाची चाचणी घ्यावी, रोज दोन तास, दोन-तीन वेगवेगळ्या कामांवर. व्यक्ती कुठे आपणहून परत वळते आणि कुठून उठून जाते, हे लिहून ठेवावे. न बोलणाऱ्याची निवड अशीच कळते.

प्रदेशानुसार कामे बदलतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत मोजणी, किट भरणे आणि रबर-प्लॅस्टिकच्या भागांची नजरतपासणी ही कामे आहेत. हिरवा ट्रे ‘ओके’, लाल ट्रे ‘रिजेक्ट’ ही तिथली रोजची पद्धत स्वमग्न कामगाराला आयतीच सोयीची पडते. वाईट नमुन्यांचा फळा समोर टांगला की पुरे. अडते ते पाळीवर. दर आठवड्याला फिरणाऱ्या पाळ्यांनी झोप आणि औषधांच्या वेळा मोडतात. पहिली किंवा जनरल पाळी कायमची मागून घ्यावी आणि ती लेखी असावी.

रोपवाटिकेत ९८ खणांच्या ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून एका खणात एक बी टाकायचे असते. कुठपर्यंत झाले आणि किती उरले हे डोळ्यांना दिसत असल्याने हे काम चटकन रुजते. जालन्याच्या बियाणे उद्योगात पाकिटे भरण्याचे काम विपुल आहे, पण प्रक्रिया केलेले बियाणे विषारी असते आणि रंगाने आकर्षक दिसते. वस्तू तोंडात घालण्याची सवय असलेल्या प्रौढाला तिथे ठेवू नये. तसेच ज्यांना फिट येते (स्वमग्न व्यक्तींत हे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा बरेच जास्त आहे) त्यांना कडबाकुट्टी, उघडा पट्टा किंवा विहिरीच्या कडेचे काम देऊ नये.

कामाची फोड : तूरडाळीचे पाकीट

अर्धा किलोचे पाकीट भरणे हे पाहणाऱ्याला एक काम वाटते. शिकवताना त्याची नऊ कामे होतात : हात धुऊन टोपी घालणे, पाकीट उघडून स्टँडमध्ये बसवणे, काट्यावर ठेवून शून्य करणे, मोठे माप ओतणे, चमच्याने वजन पूर्ण करणे, पाकिटाचे तोंड फडक्याने पुसणे, तोंड चिकटवणाऱ्या यंत्रावर, म्हणजे सीलरवर दाबणे, थंड झाल्यावर ओढून पाहणे आणि २० खणांच्या खोक्यात ठेवणे. प्रत्येक पायरीचे एक छायाचित्र, तेही त्याच टेबलाचे आणि त्याच काट्याचे, समोर लावतात. बाजारात मिळणारी चित्रे इथे चालत नाहीत.

मोठे माप मुद्दाम ४५० ग्रॅमचे कापून घ्यावे, म्हणजे ते कधीच जास्त होत नाही आणि काढून घेण्याची वेळ येत नाही. वजन ‘५००’ एवढेच सांगितले तर अनेक जण आकडा नेमका ५०० दिसेपर्यंत एकेक दाणा घालत-काढत बसतात आणि तासाला दहा पाकिटेही होत नाहीत. काट्याला कार्ड चिकटवावे : ‘५०० ते ५०३ : पुढे जा’. ग्राहकाला कमी जाऊ नये म्हणून खालची मर्यादा ५०० च ठेवावी. तोंड पुसण्याची पायरी सर्वांत आधी गळते. डाळीची भुकटी मध्ये राहिली की सील धरत नाही आणि पाकीट गोदामात फुटते. सीलर ‘नीट दाब’ म्हणण्यापेक्षा ‘दिवा विझला की दोन मोज, मग सोड’ असे शिकवावे. मोजणी वेगळी लागत नाही. खोके भरले की २० झाली.

शिकवण्याचा क्रम उलटा असतो. आधी आठ पायऱ्या शिकवणारा करतो आणि शेवटची, खोक्यात ठेवण्याची, शिकणारा. ती जमली की आठवी त्याच्याकडे येते, मग सातवी. यामुळे काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याच्या वाट्याला येतो. रोजच्या वहीत प्रत्येक पायरीपुढे ‘स्व’ (स्वतः), ‘खू’ (खुणेने) किंवा ‘हा’ (हात धरून) एवढेच लिहावे. दहापैकी नऊ वेळा ‘स्व’ असे सलग तीन दिवस आले की जॉब कोचने, म्हणजे कामाच्या जागी शिकवणाऱ्याने, दोन पावले मागे सरावे, पुढे दाराशी, मग दुसऱ्या खोलीत. इथली नेहमीची चूक म्हणजे कोचचे अखंड बोलणे. ‘हं, आता पुढचं’ ऐकल्याशिवाय हात हलेनासा होतो आणि कोच रजेवर गेला की काम थांबते. हात किंवा खूण मागे घेता येते, आवाज मागे घेणे फार जड जाते.

पहिल्या आठवड्यात दोन तास, पुढे दर आठवड्याला अर्धा तास वाढ, हा वेग साधारण पेलतो. मालकाला घाई असते आणि आई-वडिलांना त्याहून जास्त.

बोलणे

मराठीत निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. मुकादम ‘येतो रे’ म्हणून घरी जातो आणि स्वमग्न कामगार पाळी संपल्यावरही त्याची वाट पाहत उभा राहतो. ‘आलोच’, ‘दहा मिनिटांत’, ‘बघू’, ‘जरासं घाल’, ‘लई झालं’ हे सगळे शब्द असेच फसवे. ‘बघू’चा अर्थ बहुधा ‘नाही’ असतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. सूचना एका वेळी एक, आकडा किंवा वस्तू दाखवून आणि होकारार्थी असावी. ‘तिथं ठेवू नको’ यातून कुठे ठेवायचे ते कळत नाही.

सहकाऱ्यांपैकी दोघांना नेमून जबाबदारी द्यावी. एकच असला तर त्याच्या लग्नसराईच्या रजेत सगळे कोसळते. काही ठिकाणी गंमत म्हणून शिव्या शिकवल्या जातात आणि साहेबांसमोर त्या बाहेर पडल्या की नोकरी त्याची जाते, शिकवणाऱ्याची नाही. पहिल्याच दिवशी सर्वांना हे स्पष्ट बजावावे.

काय मोडते

नोकरी सुटते ती बहुधा कामामुळे नाही, कामाभोवतीच्या गोष्टींमुळे. वीज गेली, एसटी आली नाही, जेवणाची सुट्टी लांबली. या भागात त्यात पाण्याची भर पडते. अनेक शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि त्या सकाळी घराचा सगळा क्रम बदलतो. पाण्याचा दिवस, आठवडी बाजार, पोळा, १७ सप्टेंबरची मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, हे सगळे महिन्याच्या तक्त्यावर आधीच रंगवून ठेवावे. ‘वीज गेली तर काय’ याचे कार्ड खिशात असावे : सीलर बंद कर, बाकावर बस, पाकिटे पुसून ठेव. दाळमिलच्या यंत्राजवळचा आवाज आणि धूळ असह्य होते, म्हणून पॅकिंग भिंतीपलीकडे घ्यावे. ते शक्य नसल्यास कानावर आवाज अडवणारे मफ द्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असताना पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचे काम टाळून सकाळी सातला सुरुवात करावी. तहान लागली हे कित्येकांना स्वतःहून जाणवत नाही किंवा सांगता येत नाही. तासाला एक पेला पाणी हीदेखील एक पायरी म्हणून तक्त्यात घालावी.

स्फोट झालाच, म्हणजे ओरडणे, डोके आपटणे, पळून जाणे असे काही घडले, तर घोळका करू नये, समजावत बसू नये. जागा मोकळी करावी आणि ठरलेल्या शांत कोपऱ्यात बसू द्यावे. आधीच्या तासाभरात काय वेगळे झाले ते त्याच दिवशी लिहावे. दातदुखी आणि बद्धकोष्ठ ही कारणे शेवटी आठवतात, ती आधी तपासावीत.

ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या कुटुंबांचा प्रश्न वेगळाच आहे. दिवाळीच्या सुमारास घर उठते आणि सहा महिन्यांनी परतते. रुजलेले काम त्यात विरते. आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे राहण्याची सोय आधी झाली, तरच अशा घरातल्या प्रौढाला बारमाही नोकरी घ्यावी. अन्यथा गावातच हंगामी काम बेतणे शहाणपणाचे.

स्त्रियांच्या वाट्याला नोकरी आणखी कमी येते, कारण घरचे पाठवायला धजत नाहीत. भीती अनाठायी नाही. कडी लागणारे स्वच्छतागृह, ये-जा कुणाबरोबर हे ठरलेले आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या जागी कायद्याने बंधनकारक असलेली अंतर्गत समिती प्रत्यक्षात आहे का, हे रुजू होण्याआधी पाहावे. ‘नको’ म्हणणे आणि नको असलेला स्पर्श सांगणे हे घरीच, चित्रांनी, आधी शिकवावे लागते.

पैसे

प्रशिक्षणाचे मानधन आणि वेतन यांत गल्लत होते. मानधनाला तारीख हवी, तीन किंवा फार तर सहा महिने. नंतर इतरांना जो दर तोच, नगावर असेल तर नगावर. ‘त्याला पैसे काय कळतात’ हे वाक्य मालकापेक्षा घरातूनच जास्त ऐकू येते. दुकान घरचे असले तर पगाराचे नावच निघत नाही. संजय गांधी निराधार योजनेला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा असल्याने पगारामुळे अनुदान बंद होईल, या धास्तीने काही पालक हजेरी कागदावर येऊ देत नाहीत. मग अपघात झाला तर हातात काहीच नसते. तहसील कार्यालयात आधी चौकशी करून दोन्ही रकमा मांडून पाहाव्यात.

बँक खाते त्या व्यक्तीच्या नावाने काढावे. व्यवहार समजत नसतील तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालकत्व देते. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेकांना बँकेच्या खिडकीवर कळते. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, तीही ये-जा खर्चाच्या हिशेबात धरावी. पगार खात्यात जमा झाला तरी पहिले काही महिने थोडी रक्कम पाकिटातून हातात द्यावी आणि त्याच संध्याकाळी त्यातून त्याच्या आवडीची एक वस्तू त्याच्याच हाताने विकत घ्यावी. खात्यातला आकडा आणि पाकीट भरणे यांचा संबंध तेव्हाच लागतो.