पाझरणारा वॉटर पंप आणि खिळखिळा वॉटर पंप: बदलणे कधी लांबवता येते?

गाडीचा वॉटर पंप गेला, असे मेकॅनिक सांगतो तेव्हा त्यामागे बहुधा दोनपैकी एक बिघाड असतो. एक तर पंपाचे सील झिजून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, पाझरू लागलेले असते, किंवा पंपाच्या दांड्याला आधार देणारे बेअरिंग खिळखिळे झालेले असते. दोन्हींवर उपाय एकच, म्हणजे नवा पंप बसवणे, आणि म्हणूनच हे दोन बिघाड सर्रास एकच समजले जातात. मात्र काम काही दिवस पुढे ढकलले तर चालेल का, या प्रश्नाचे उत्तर दोन्हींत सारखे नाही, आणि ज्याला खर्चाची जुळवाजुळव करायची आहे त्याच्यासाठी हाच फरक महत्त्वाचा आहे.

पंपाच्या आतल्या टोकाला कूलंट ढकलणारे पात्यांचे चक्र असते, बाहेरच्या टोकाला बेल्टवर फिरणारी पुली असते आणि या दोघांना जोडणारा दांडा बेअरिंगमधून जातो. कूलंट बेअरिंगपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये सील बसवलेले असते. त्याचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर फिरतात आणि त्यांना वंगण मिळते ते कूलंटच्याच अतिशय पातळ थराचे. हे पृष्ठभाग झिजले की कूलंट पलीकडे येते आणि पंपाच्या अंगावर मुद्दाम ठेवलेल्या बारीक छिद्रातून बाहेर पडते. त्या छिद्राभोवती वाळलेल्या कूलंटचा पुसट डाग दिसला, तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. नव्या पंपातही सील नीट बसेपर्यंत थोडे पाझरू शकते. पण डागाचे जाड, रंगीत खवले झाले असतील किंवा छिद्राखाली ओल सतत दिसत असेल, तर सीलचे आयुष्य संपत आले आहे असे समजावे. जमीन कोरडी आहे म्हणून गळती नाही, असे मात्र मानू नये, कारण इंजिन तापून आत दाब वाढला की थेंब बाहेर येतात आणि गरम धातूवर तिथल्या तिथे वाळून जातात.

बेअरिंगचा बिघाड कूलंट न गळताही सुरू होऊ शकतो. इंजिनाच्या पुढच्या बाजूने घरघर किंवा खरखर ऐकू येते आणि इंजिनाची गती वाढवली की तिचा सूर चढतो. असाच आवाज अल्टरनेटरमधून, म्हणजे गाडीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्रातून, किंवा बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीतूनही येऊ शकतो, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबून पंपाला दोष देणे योग्य नाही. खात्री हाताने होते. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना, बेल्ट उतरवून, पंपाची पुली दोन्ही बाजूंनी धरून मागेपुढे हलवून पाहावी. ती जाणवण्याइतकी डगमगली किंवा फिरवताना खरबरीत लागली, तर बेअरिंग गेले आहे.

आता लांबवण्याचा प्रश्न. सील किंचित पाझरत असेल, पुली घट्ट असेल आणि इंजिनाचे तापमान नेहमीइतकेच राहत असेल, तर थोडी सवड मिळते. तेवढ्या काळात रोज सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीतील कूलंटची पातळी पाहावी आणि कमी झाल्यास त्याच प्रकारचे कूलंट घालावे. नुसते पाणी घालत राहिल्यास मिश्रण पातळ होते, उकळण्याचा बिंदू खाली येतो आणि गंजरोधक द्रव्यांचे प्रमाण घटते. गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव ओतणे मला अजिबात पटत नाही: फिरत्या सीलवर त्याचा भरवसा नसतो, उलट रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या तुंबण्याचा धोका वाढतो. ही सवड जवळच्या, सावकाश प्रवासापुरतीच धरावी. लांबचा घाट किंवा भर उन्हातील महामार्ग यांत धरू नये. शिवाय ती टिकतही नाही, कारण सीलमधून आलेले कूलंट बेअरिंगमध्ये शिरले की तिथले ग्रीस धुऊन निघते. म्हणजे पहिला बिघाड दुसऱ्याचे कारण ठरतो, आणि म्हणून सवडीच्या काळात कूलंटच्या पातळीसोबत पुलीही पुन्हा तपासत राहणे आवश्यक आहे.

बेअरिंग खिळखिळे झाले असेल, तर सवड नाहीच. डगमगणारी पुली बेल्ट तिरपा ओढते, बेल्ट निसटतो किंवा तुटतो, आणि त्याच बेल्टवर चालणारे अल्टरनेटर व काही गाड्यांतील पॉवर स्टिअरिंगही बंद पडते. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणाऱ्या बेल्टवर, चालतो. तिथे पंप अडकून तो बेल्ट तुटला आणि इंजिनाची रचना पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतील अशी असेल, तर पंपाच्या कित्येक पट खर्च इंजिनावर करावा लागतो. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्यापेक्षा टो करून नेणेच शहाणपणाचे.

कूलंटचे फिरणे थांबले, तर ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड थोड्याच वेळात वाकू शकते आणि हेड गॅस्केट, म्हणजे त्याच्याखालचा जोड बंद ठेवणारा पातळ थर, फुटू शकते. येथे तापमानाच्या काट्यावर पूर्ण विश्वास टाकू नये, कारण कूलंट संपून सेन्सरभोवती नुसती हवा किंवा वाफ उरली, तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली उतरू शकतो. काटा चढताना दिसला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने चालू करावा आणि सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद करावे. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण उघडू नये; दाब एकाएकी सुटून उकळते कूलंट अंगावर उडते. बहुतेक कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोडसर लागते, म्हणून गाडीखाली साचलेले थेंब लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून दूर, ताबडतोब पुसून घ्यावेत.

पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल आणि तो बेल्ट जितक्या किलोमीटरनंतर बदलायचा असतो तो टप्पा जवळ आला असेल, तर लांबवण्याचा विचार सोडून दोन्ही एकत्रच बदलावेत, कारण भाग उघडून पुन्हा बसवण्याचे श्रम जवळपास सारखेच असतात.