तुरळक ठिकाणी गारपीट

"अंदाज पुन्हा फसला बघा, आमच्या कोथरूडात टिपूस नाही!" वळवाच्या दिवसांत पुण्यात हे हमखास ऐकू येतं. त्याच संध्याकाळी धायरीत मात्र गारांचा सडा पडलेला असू शकतो. अंदाजातला 'तुरळक ठिकाणी' हा शब्द मोघम नाही. हवामान खात्याच्या भाषेत त्या भागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे बहुतेकांचं अंगण कोरडंच राहणार, हे अंदाजातच सांगितलेलं असतं.

उन्हाने जमीन तापते, समुद्रावरून बाष्प येतं आणि वरची हवा थंड असली की खालची दमट हवा उसळून वर जाते. ढग 12 किलोमीटरपर्यंतही चढतो, पण त्याचा घेर लहान आणि आयुष्य तासाभराचं.

मग भर उन्हाळ्यात बर्फ कुठून येतो? माझ्या लेखी हाच यातला सगळ्यात सुंदर भाग. एप्रिलमध्ये आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटरवर तापमान शून्याला येतं. त्याच्या वर गेलेले थेंब मात्र लगेच गोठत नाहीत. गोठायला योग्य कणाचा आधार लागतो. तो मिळाला नाही तर उणे 15 अंशांतही पाणी पाणीच राहतं. हे अतिशीत पाणी. बर्फाचा कण त्याला धडकला की थेंब तिथेच चिकटून गोठतो आणि गोठताना उष्णता सोडतो. थेंब कमी असतील तर ही उष्णता पटकन निघून जाते, हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधी होतो. थेंबांचा मारा जोरात असेल तर गारेचा पृष्ठभाग ओला राहतो, बुडबुडे निसटतात आणि थर काचेसारखा होतो. गेल्या वळवात गच्चीवरून बोराएवढी गार उचलून मी तापवलेल्या सुरीने कापली. मध्ये दुधी ठिपका, भोवती पारदर्शक कडं, वर पुन्हा दुधी थर!

दोन सेंटिमीटरची गार ताशी 50 किलोमीटरच्या आसपास वेगाने कोसळते. तिला ढगात तोलून धरणारा, वर उसळणाऱ्या हवेचा झोतही तेवढाच जबरदस्त लागतो. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या गहू-हरभऱ्याची आणि द्राक्षबागांची जी दैना झाली, ती अशाच गारांनी.

बंगालात कालबैशाखी म्हणजे तिथली उन्हाळी गडगडाटी वादळं, उत्तरेत पश्चिमी झंझावातामागून, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यामागून येणारी वादळं. निमित्त वेगळं, ढगातली घडण हीच. कोणता ढग कुठे फुटेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. त्यासाठी रडार पाहून पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज देतात. विजेसाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, ते मोबाईलमध्ये घ्याच.

पायाळू माणसावर वीज पडते, असं अजून गावोगावी सांगतात. जन्मताना पाय आधी आले की डोकं, हे विजेला कळत नाही. उघड्या रानातला एकटा उंच आंबा मात्र तिला जवळचा वाटतो, आणि पाऊस आला की माणसं नेमकी त्याच्याखाली धावतात. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथून हलू नका.