प्रोस्टेटला पुन्हा किरणोपचार: एक खुलासा
‘प्रोस्टेटला एकदा शेक दिला की पुन्हा कधीच देता येत नाही’, असा प्रोस्टेटच्या (पुरुषांतील मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगावरील किरणोपचाराबद्दलचा संदेश नाशिकमधील ज्येष्ठांच्या गटांत वर्षानुवर्षे फिरतो. त्यामागची काळजी खरी आहे, कारण मूत्राशय, मूत्रमार्ग आणि गुदाशय यांनी आधी झेललेली किरणांची मात्रा पुसली जात नाही. मात्र पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे, रक्तात मोजले जाणारे प्रथिन) पहिल्या उपचारानंतरच्या नीचांकाहून २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरने वाढल्यावर पेट स्कॅन, एमआरआय आणि बायोप्सीतून कर्करोग ग्रंथीपुरताच परतल्याचे दिसले, तर निवडक रुग्णांना ब्रॅकीथेरपीने (ग्रंथीच्या आतच किरणस्रोत ठेवून) किंवा बाहेरून मोजक्या सत्रांत अचूक नेम धरणाऱ्या एसबीआरटी या किरणोपचार पद्धतीने पुन्हा किरणोपचार देता येतात. लघवीचा त्रास, रक्तस्राव आणि क्वचित फिस्टुला (दोन अवयवांमध्ये पडणारी अनैसर्गिक वाट) यांचा धोका उरतोच. आपल्याला पुन्हा किरणोपचार शक्य आहेत का, याच्या पडताळणीसाठी पहिल्या उपचाराच्या मात्रेची ग्रे (किरणमात्रा मोजण्याचे एकक) मधील नोंद रुग्णालयाकडून मागून घ्यावी आणि ती रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टना (किरणोपचार तज्ज्ञांना) दाखवावी. माझ्या मते हाच सर्वांत मोलाचा कागद आहे.