पालांग्यात हात लावा, पुढच्या गावी नको
लिथुआनियाच्या सहलीला येणाऱ्या आमच्या पाहुण्यांसाठी

बुकिंग झालं की दोन प्रश्न ठरलेले. पालांगा हे समुद्रकिनाऱ्यावरचं गाव, मग तिथं एका शिल्पकाराच्या घरात अख्खी सकाळ कशाला? आणि त्या घरातल्या शिल्पांना खरंच हात लावू देतात का? फोनवर दर वेळी थोडं-थोडं सांगतो आणि निम्मं राहून जातं, म्हणून एकदा लिहूनच देतो.

हात लावू देतात. ते घर ज्याचं, त्या शिल्पकार अंतानास मोंचिसची तशी इच्छाच होती. लाकूड हातानं घडतं, ते हातानंच कळावं, असं त्याला वाटे. दाउकांतो रस्त्यावरचं त्याचं घर-संग्रहालय 1999 मध्ये सुरू झालं, आणि ती इच्छा तिथं आजही पाळली जाते.

‘हा फ्रेंच की लिथुआनियन?’ हेही बरेच जण विचारतात. जन्म 1921चा, क्रेतिंगाजवळच्या मोंचाय गावातला. दोन महायुद्धांच्या मधल्या स्वतंत्र लिथुआनियात तो वाढला. त्या काळात तिथल्या लाकूडकामाला मोठा मान होता. रस्त्याकडेच्या लाकडी खांबांवर रूपिंतोयेलिस दिसायचा, म्हणजे गालाला हात लावून चिंतेत बसलेला ख्रिस्त. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या युओझास मिकेनासनं हाच विषय घेऊन केलेलं शिल्प 1937च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात बाल्टिक देशांच्या दालनात होतं. मोंचिस तेव्हा सोळा वर्षांचा. पुढे कौनासला वास्तुकला शिकताना 1944 साली देश सोडावा लागला. आधी जर्मनी, फ्रायबुर्गला कलाशिक्षण, मग 1950 मध्ये पॅरिस, शिल्पकार ओसिप झाडकीनच्या हाताखाली. उरलेलं आयुष्य फ्रान्समध्ये गेलं. 1993 मध्ये पॅरिसलाच वारला, पण पुरला गेला आपल्या मुलखात, ग्रूशलाउकेला.

आता त्याच्या साखळ्यांबद्दल. लाकडी कड्या एकमेकींत अडकवलेल्या दिसतात आणि आपली माणसं पहिल्यांदा सांधा शोधतात. डिंक कुठे लावलाय? कुठेच नाही. अशी साखळी एकाच ओंडक्यातून निघते. आधी ओंडका अधिकच्या चिन्हासारखा चौपाखी करायचा. मग समोरासमोरच्या दोन पाखांत एक कडी, आडव्या दोन पाखांत पुढची, अशा आळीपाळीनं कड्या आखायच्या. आतलं लाकूड पटाशीनं काढत काढत शेवटी कडी कडीपासून सोडवायची. एक घाव चुकला की सगळी मेहनत वाया. डोळे मिटून एका कडीवर बोट फिरवा आणि तसंच पुढच्या कडीवर न्या: लाकडाच्या रेषा त्याच दिशेनं पुढे चालू राहतात. काचेच्या पेटीत ठेवली असती तर हे कळलं नसतं. सकाळ यासाठीच राखून ठेवतो. बरेच जण पालांग्यात अंबरचं, म्हणजे झाडांच्या गोठलेल्या चिकाच्या खड्यांचं, संग्रहालय दाखवून बस काढतात. अंबर आपणही बघतो, दुपारी. पण मोंचिसच्या घरातला वेळ कमी करा म्हणून कितीही आग्रह झाला तरी आम्ही करत नाही, आणि परत आल्यावर आजवर कुणी तशी तक्रार केलेली नाही.

वेळ खाणारी चूक होते ती पालांग्यानंतर. हाताला सवय लागलेली असते. दोन दिवसांनी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात आमचे एक काका जुन्या लाकडी मूर्तीच्या गुडघ्यावर अगदी मायेनं हात ठेवून उभे राहिले. पहारेकरी धावत आला, गजर वाजला, सगळ्या गटाला दालनाबाहेर काढलं. पाऊण तास माफीत आणि समजावण्यात गेला आणि पुढचं दालन राहिलं ते राहिलंच. काकांना फार वाईट वाटलं, कारण त्यांचा हेतू चांगलाच होता. तेव्हा एवढं लक्षात ठेवा: हात लावायची मुभा मोंचिसच्या घरापुरती. तिथून बाहेर पडलात की ती संपली. शंका आली तर आमच्या मराठी वाटाड्याला विचारा, तो प्रत्येक दालनात तुमच्यासोबत असतो. आपला गट चौदा जणांच्या वर जाऊ देत नाही तोही यासाठीच.

मोंचिसच्या घरातही थोडी काळजी हवीच. किनाऱ्यावरून थेट आलात तर हाताला वाळू असते, उन्हाचं मलम असतं. वाळूनं लाकूड ओरखडतं, मलमाचा डाग निघत नाही. म्हणून त्या दिवशी समुद्र संध्याकाळी ठेवलाय. नखानं टोकरू नका, कडी उचलून वाजवू नका, तळवा नुसता टेकवा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सकाळीच हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीत ठेवा. नाश्ता साडेआठला, बस सव्वानऊला.